कर्ज फेडणं आवाक्याबाहेर गेलंय? दिवाळखोरीचा वकील, बँकेशी थेट तडजोड की सेटलमेंट कंपनी: मुंबईकरांसाठी तुलना

हप्ते थकले आणि वसुलीचे फोन सुरू झाले की घरात सगळीकडून सल्ले येऊ लागतात. मेहुणा म्हणतो, टॉप-अप (चालू गृहकर्जावर आणखी) कर्ज काढ आणि सगळं एकदम मिटव. ऑफिसातला मित्र सेटलमेंट करून देणाऱ्या कंपनीचा नंबर देतो. कुणी अमेरिकेतला व्हिडिओ पाहिलेला असतो, तो सांगतो की वकील गाठ, दिवाळखोरी जाहीर कर, काही महिन्यांत पाटी कोरी होते. मी एका बँकेच्या वसुली खात्यात नोकरी केली. निवृत्तीनंतर लालबाग-परळ भागातल्या ओळखीच्या लोकांचे कर्जाचे कागद वाचून देतो. समोर येणाऱ्या बहुतेकांचा प्रश्न एकच असतो, "यातलं नेमकं काय करू?" त्याचं उत्तर इथे जमेल तितकं तपशिलात देतो.

आधी माझं मत सांगतो. यातला मार्ग निवडताना कोण किती रक्कम माफ करून देतो हे पाहू नका. कर्जामागे काय गहाण आहे आणि तुमच्यामागे सही करून कोण उभं आहे, हे पाहा. घर आणि जामीनदार या दोन गोष्टी ठरल्या की अर्धा निर्णय झालेला असतो.

बोलणं हवेत राहू नये म्हणून एक घर कल्पून घेऊ. कांजूरमार्गला म्हाडाचा फ्लॅट, नवऱ्याच्या नावावर. गृहकर्जाचे ९ लाख बाकी, हप्ता अजून नियमित. क्रेडिट कार्डाचे २ लाख. एका वित्त कंपनीचं ४ लाखांचं वैयक्तिक कर्ज, त्याचे हप्ते थकायला लागलेत. कर्मचाऱ्यांच्या पतसंस्थेचे दीड लाख, त्याला ऑफिसातले दोन सहकारी जामीन. पगार ६१,००० रुपये. अशी घरं ठाण्यापासून विरारपर्यंत आणि पनवेलपर्यंत हजारो आहेत. एकेक मार्ग या घराला लावून पाहू.

वकिलामार्फत दिवाळखोरीचा अर्ज

अमेरिकेत हा रुळलेला मार्ग आहे. तिथे दिवाळखोरीच्या कायद्याचं सातवं प्रकरण आणि तेरावं प्रकरण अशा दोन वाटा आहेत. सातव्यात मालमत्तेची विल्हेवाट लावून साधारण काही महिन्यांत उरलेल्या देण्यातून सुटका मिळते, तेराव्यात तीन ते पाच वर्षांची फेडीची योजना असते. अर्ज पडला की वसुली थांबते. त्या कामात मुरलेले वकील गावोगाव आहेत. व्हिडिओत दिसतं ते खरं आहे, फक्त ते तिथलं आहे.

आपल्याकडे २०१६ साली दिवाळखोरीचा नवा कायदा आला. त्यात सामान्य माणसासाठी नव्याने सुरुवात करण्याची तरतूद लिहिलेली आहे: वर्षाचं उत्पन्न ६०,००० रुपयांच्या आत, मालमत्ता २०,००० च्या आत, कर्ज ३५,००० च्या आत आणि स्वतःचं घर नसावं. हे आकडे पाहिले तर मुंबईतला कोण यात बसेल, हा प्रश्नच आहे. शिवाय ही तरतूद अजून लागूच झालेली नाही. व्यक्तींसाठीच्या भागातला फक्त कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरता भाग १ डिसेंबर २०१९ पासून सुरू आहे.

त्यामुळे मुंबईतल्या नोकरदाराला आजही १९०९ चा, मुंबईसारख्या प्रेसिडेन्सी शहरांसाठीचा नादारी (म्हणजे दिवाळखोरी) कायदाच लागतो. अर्ज उच्च न्यायालयात करायचा. ठाणे, कल्याण, वसई, पनवेल इथे राहणाऱ्यांना १९२० चा वेगळा कायदा आणि जिल्हा न्यायालय. कर्ज किमान ५०० रुपये असलं की स्वतः अर्ज करता येतो. आकड्यावरूनच कायद्याचं वय कळतं.

न्यायालयाने नादार ठरवलं की काय होतं? तारण न घेता कर्ज दिलेले देणेकरी न्यायालयाच्या परवानगीशिवाय तुमच्यामागे लागू शकत नाहीत. अटकेपासून संरक्षणाचा हुकूम मागता येतो. हा मोठा दिलासा आहे आणि तो खरा आहे. पण त्याच हुकमाने तुमची मालमत्ता ऑफिशियल असायनी या न्यायालयीन अधिकाऱ्याच्या ताब्यात जाते. तुमच्यासाठी मागे काय ठेवतात? कामाची अवजारं, अंगावरचे कपडे, अंथरूण, स्वयंपाकाची भांडी, तीही सगळी मिळून ३०० रुपयांपर्यंतची. राहतं घर वाचवणारं कलम त्या यादीत नाही. सुटकेचा हुकूम मिळेपर्यंत नवीन काही मिळवलं तर तेही असायनीकडे जातं, आणि पगाराचा काही भाग देणेकऱ्यांसाठी वळवता येतो. न्यायालयात उघड तपासणी होते, राजपत्रात नाव छापून येतं. सुटकेचा हुकूम मिळण्याआधी ५० रुपये किंवा त्याहून जास्त उधारी घेताना समोरच्याला आपण नादार आहोत हे सांगितलं नाही, तर तो गुन्हा आहे.

आता कांजूरमार्गच्या घराला हे लावून पाहा. गृहकर्ज देणाऱ्या बँकेचा तारणावरचा हक्क जसाच्या तसा राहतो. फ्लॅटची किंमत ९ लाखांच्या कितीतरी वर आहे, म्हणजे बँकेचे पैसे वजा करून उरलेली किंमत असायनी बाकीच्या देणेकऱ्यांसाठी विकून वसूल करू शकतो. साडेसात लाखांच्या कर्जासाठी घर गमवायचं. घाबरून फ्लॅट बायकोच्या नावे बक्षीसपत्र करून द्यायचं आणि मग अर्ज करायचा, हा सल्लाही फिरतो. तो ऐकू नका. मोबदला न घेता केलेलं असं हस्तांतरण दोन वर्षांच्या आत नादारी आली तर असायनीसमोर टिकत नाही.

पतसंस्थेचे दोन जामीनदारही सुटत नाहीत. कर्जदाराची सुटका झाली तरी जामीनदाराची होत नाही, त्याची जबाबदारी कर्जदाराइतकीच. म्हणजे तुम्ही मोकळे होणार आणि रोज शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या सहकाऱ्याच्या पगारातून कपात सुरू होणार. सरकारी देणी, फसवणुकीतून उभी राहिलेली देणी आणि पोटगी यांतूनही नादारी सोडवत नाही. चेक बाऊन्सचा खटला फौजदारी असतो, तो नादारीने थांबत नाही.

नोकरीचा मुद्दा तर लोकांना शेवटी कळतो. नादार ठरलेल्या, किंवा पूर्वी कधी ठरलेल्या, माणसाला बँकेला नोकरीवर ठेवता येत नाही, हे बँकिंग नियमन कायद्यातच आहे. नरिमन पॉइंट आणि बीकेसीत बँकांमध्ये काम करणाऱ्या मराठी मुलांची संख्या पाहता हे मोठ्याने सांगायला हवं. सुटका न झालेला नादार कंपनीचा संचालक राहू शकत नाही, आमदार-खासदारही होऊ शकत नाही. सरकारी नोकरांच्या वर्तणूक नियमांतही कर्जबाजारीपणाबद्दल तरतूद आहे.

मग हा मार्ग कुणासाठी? ज्याच्या नावावर घर नाही, अंगावर मोडण्यासारखं सोनं नाही, जामीनदार कुणी नाही, धंदा पूर्ण बुडालाय, देणेकरी बरेच आहेत आणि उरलेल्या आयुष्याच्या कमाईतही कर्ज फिटणार नाही, त्याच्यासाठी. त्यातही न्यायालयात जप्तीचे अर्ज सुरू झाले असतील तर हा मार्ग खरोखर श्वास घ्यायला जागा देतो. बाकीच्यांनी याचा विचार सगळ्यात शेवटी करावा.

एक वेगळा गट म्हणजे स्वतःची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असलेले आणि तिच्या कर्जाला व्यक्तिगत जामीन राहिलेले लोक. अंधेरी, भांडुप, वसईच्या गाळ्यांमध्ये असे बरेच भेटतील. त्यांना २०१६ चा कायदा लागतो, प्रकरण राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात जातं. अर्ज मंजूर झाल्यावर वसुलीला १८० दिवसांपर्यंतची स्थगिती मिळते आणि व्यावसायिक तज्ज्ञाच्या देखरेखीखाली फेडीची योजना बसवता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ आणि २०२३ मध्ये ही व्यवस्था वैध ठरवली आहे. या गटाने दिवाळखोरीचं काम नियमित करणाऱ्या वकिलाकडे जावंच, आणि लवकर जावं.

वकील, पण बचावासाठी आणि तडजोडीसाठी

मुंबईत कर्जाच्या कामात वकिलाचा खरा उपयोग मला इथे दिसतो. नादारी जाहीर करण्यापेक्षा तारखा आणि मुदती सांभाळणं हे त्याचं मोठं काम. वसुलीचं प्रत्येक पत्र आपल्याबरोबर एक मुदत घेऊन येतं, आणि लोक ती पत्रं देवघराच्या खालच्या ड्रॉवरमध्ये टाकून देतात.

चेक बाऊन्स झाल्यावर येणाऱ्या नोटिशीनंतर पैसे भरायला १५ दिवस मिळतात. त्यानंतर तक्रार दाखल झाली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड होऊ शकतो. बँक खात्यातून आपोआप जाणारा हप्ता परत गेला तरी २००७ च्या पेमेंट कायद्याखाली तसाच खटला होऊ शकतो. दिवाणी न्यायालयात समरी दावा (झटपट निकाली काढला जाणारा दावा) आला तर समन्स मिळाल्यापासून १० दिवसांत हजेरी नोंदवावी लागते. ती चुकली की हुकूमनामा, म्हणजे पैसे भरण्याचा न्यायालयाचा निकाल, जवळपास झालाच समजा. गहाण घरावर सरफेसी कायद्याची (न्यायालयात न जाता बँकेला तारण ताब्यात घेऊ देणारा कायदा) नोटीस आली तर ६० दिवस असतात, ताब्याची कारवाई झाल्यावर कर्जवसुली न्यायाधिकरणात जायला ४५ दिवस. आणि थकबाकी मुद्दल-व्याजाच्या २० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर तो कायदा लावताच येत नाही. हा मुद्दा बचावात उचलायला वकीलच लागतो.

वित्त कंपन्या बरेचदा लवादाकडे, म्हणजे न्यायालयाबाहेर निवाडा देणाऱ्या पंचाकडे, जातात. लवाद कंपनीने एकतर्फी नेमलेला असेल तर त्याच्या निवाड्याला आव्हान देता येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्येच सांगितलं आहे की ज्याचा वादात हितसंबंध आहे त्याने एकट्याने लवाद नेमू नये. ज्या घरात लवादाचा निवाडा येऊन पडलाय, तिथे हे माहीत असलेला वकील किती फरक पाडतो ते मी पाहिलंय.

मुदतबाह्य कर्ज हा आणखी एक विषय. तारण नसलेल्या कर्जाच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते. जुन्या कर्जासाठी कुणी फोन करून "निदान ५०० रुपये भरा, चांगली भावना दिसेल" म्हणतं. मुदत संपण्याआधी अशी रक्कम भरली किंवा कर्ज कबूल करणाऱ्या कागदावर सही केली, तर मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजली जाते. सही करण्याआधी अर्धा तास वकिलासमोर बसा.

पगाराच्या जप्तीची भीती सगळ्यात जास्त असते, तिचंही गणित पाहू. दिवाणी हुकूमनाम्यात पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित असतात. आपल्या उदाहरणात ६१,००० पैकी महिन्याला जास्तीत जास्त २०,००० जप्त होऊ शकतात, आणि एकाच हुकूमनाम्यासाठी एकूण २४ महिनेच. म्हणजे तारण नसलेल्या कर्जाच्या त्या हुकूमनाम्यासाठी पगारातून वसुलीची कमाल ४ लाख ८० हजार. भविष्य निर्वाह निधी, आयुर्विमा पॉलिसी, मंगळसूत्रासारखे धार्मिक रूढीने न उतरवायचे दागिने जप्तीपासून सुरक्षित आहेत. फ्लॅट मात्र सुरक्षित नाही, तो हुकूमनाम्यानंतर जप्त होऊ शकतो, आणि म्हणूनच दावा दुर्लक्षित ठेवून चालत नाही. "तुरुंगात टाकू" या धमकीचं काय? केवळ पैसे नाहीत म्हणून कर्जदाराला कैदेत टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये स्पष्ट केलंय. पैसे असून बुद्ध्या न देणाऱ्याची गोष्ट वेगळी. दिवाणी हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक होत नाही.

हे गणित समजलेला वकील तडजोडीच्या टेबलावर बसतो तेव्हा त्याला माहीत असतं की समोरच्याला न्यायालयातून कधी आणि किती मिळेल. ती त्याची खरी ताकद. लोकअदालतीत प्रकरण मिटलं तर तो निवाडा हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो, त्यावर अपील नाही, भरलेलं न्यायालयीन शुल्कही परत मिळतं. बँका दावा दाखल होण्याआधीची प्रकरणंही लोकअदालतीत आणतात. मला स्वतःला हा मार्ग आवडतो. कागद पक्का होतो आणि दोन्हीकडच्यांना तारखांच्या फेऱ्यांतून सुटका मिळते.

खर्चाचं म्हणाल तर वकिलाची फी टप्प्यांनुसार लेखी ठरवून घ्या: नोटिशीचं उत्तर किती, दाव्यातल्या हजेरीचं किती, तडजोडीच्या बैठकीचं किती. "वाचवलेल्या रकमेतले इतके टक्के द्या" असं वकिलाला म्हणता येत नाही. निकालावर अवलंबून फी घेणं वकिलांच्या आचारसंहितेने मना केलंय, जाहिरात करणंही. त्यामुळे "कर्ज ७० टक्के माफ करून देणारे वकील" असा बॅनर दिसला तर तिथेच थांबा. सनद क्रमांक विचारा आणि महाराष्ट्र-गोवा बार कौन्सिलकडे पडताळा. फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. सही करण्यापूर्वी वकीलपत्रही नीट वाचा, त्यात तडजोड करण्याचा अधिकार तुम्ही वकिलाला देत असता.

स्वतः बँकेशी बोलणं

हप्ता चुकण्याआधी किंवा पहिले एक-दोन चुकल्यावर हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. शाखेत जाऊन तोंडी विनवण्या करण्यात अर्थ नसतो. अर्ज लिहा, कारण लिहा, किती हप्ता झेपेल ते लिहा, पगाराची स्लिप आणि वैद्यकीय किंवा नोकरी गेल्याचा कागद जोडा, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. वसुली खात्यात असताना माझ्या अनुभवात आकड्यांसकट आलेला अर्ज वरच्या साहेबांपर्यंत जायचा. नुसतं "सहकार्य करावे" लिहिलेला अर्ज फाइलमध्येच राहायचा.

मागायचं काय? मुदत वाढवून हप्ता कमी करणं. कार्डाची थकबाकी हप्त्यांत बदलून घेणं. दंडाचं व्याज लावलं असेल तर ते काढणं: रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्येच सांगितलं की दंड आकार म्हणून घ्यायचा, व्याजात मिसळून त्यावर पुन्हा व्याज चढवायचं नाही. शेवटी एकरकमी तडजोड, म्हणजे ज्याला बँकेत सगळे ओटीएस म्हणतात. एकरकमी तडजोड हा कर्जदाराचा हक्क नाही, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये तसा निकाल दिलाय. बँक मेहरबानी म्हणून नाही, हिशेब करून मान्य करते. त्यामुळे तुम्हीही हिशेब घेऊन जा.

किंमत मोजावी लागतेच. क्रेडिट रिपोर्टमध्ये "सेटल्ड" अशी नोंद पडते, ती वर्षानुवर्षं दिसते, आणि रिझर्व्ह बँकेच्या जून २०२३ च्या चौकटीनुसार त्याच संस्थेकडून नवं कर्ज मिळायला किमान १२ महिने थांबावं लागतं. शेतीकर्जाला तो नियम नाही.

या मार्गात वसुलीवाल्यांचा त्रास तुम्हालाच तोंड देऊन सहन करावा लागतो, म्हणून नियम माहीत हवा: सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन नाही, धमकी नाही, शेजाऱ्यांसमोर अपमान नाही. तसं झालं तर बँकेच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. ३० दिवसांत समाधानकारक उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते, वकील लागत नाही. मोबाइलवरच्या कर्ज अ‍ॅपवाल्यांनी तुमच्या संपर्कयादीतल्या लोकांना मेसेज धाडले किंवा फोटो बदलून पाठवले, तर लोकपालाची वाट पाहू नका. १९३० वर सायबर तक्रार करा आणि पोलीस ठाण्यात जा. आणि हे सगळं असह्य होऊन जीव नकोसा वाटू लागला असेल तर आधी १४४१६ वर टेलि-मानसला फोन करा. कर्जाचे कागद नंतर पाहता येतील.

सेटलमेंट करून देणाऱ्या कंपन्या

या मार्गाबद्दल मी तटस्थ नाही. बहुतेकांची पद्धत अशी: हप्ते भरणं थांबवा, दर महिन्याला आमच्या सांगण्याप्रमाणे रक्कम बाजूला टाका, सहा-आठ महिन्यांनी बँक कंटाळली की आम्ही कमी रकमेत मिटवू, आमची फी कर्जाच्या टक्क्यांत. या धंद्यासाठी रिझर्व्ह बँकेचा परवाना असा काही नसतो. न्यायालयात तुमच्या बाजूने उभं राहण्याचा अधिकार त्यांना नाही.

हप्ता मुद्दाम थांबवल्यावर ९० दिवसांत खातं अनुत्पादक (एनपीए, बँकेच्या हिशेबात थकीत) होतं. दरम्यान २ लाखांच्या कार्डावर महिना साडेतीन टक्क्यांनी ७,००० रुपये व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी १,२६०, म्हणजे महिन्याला ८,२६० ची भर. सहा महिने थांबलात तर व्याजावरचं व्याज सोडूनही जवळपास ५०,०००. मग "४० टक्के सूट मिळवली" असं सांगतात तेव्हा ती सूट कोणत्या आकड्यावर, हे विचारावं लागतं. कंपनीची फी वेगळी. या काळात दाव्याचं समन्स आलं तर ते तुमच्या दारात येतं, कंपनीच्या नाही.

जे काम ते करतात ते तुम्ही स्वतः अर्ज लिहून करू शकता, आणि जिथे स्वतः करता येत नाही तिथे सनद असलेला वकील लागतो. त्यांच्यासाठी मधली जागा मला तरी दिसत नाही. आधीच अडकला असाल तर निदान तडजोडीची रक्कम कंपनीच्या खात्यात भरू नका, थेट कर्जखात्यात भरा.

नवं कर्ज घेऊन जुनं फेडणं

यावर थोडक्यात. पगार शाबूत असेल, अजून एकही हप्ता चुकलेला नसेल आणि खर्च आटोक्यात आला असेल, तर गृहकर्जावर टॉप-अप घेऊन कार्ड मिटवणं शहाणपणाचं. तेच २ लाख साधारण १० टक्के व्याजाने धरले तर महिन्याचं व्याज १,७०० च्या आसपास येतं, कार्डाच्या ८,२६० समोर. फरक डोळ्यांसमोर आहे. पण यात तारण नसलेलं कर्ज घरावर चढतं. उद्या नोकरी गेली तर पूर्वी कार्डवाल्याला दावा लावून वाट पाहावी लागली असती, आता गृहकर्जाची बँक सरफेसीची नोटीस काढू शकते. नोकरी डळमळीत असताना घर पणाला लावू नका. सोनं मोडायचं की तारण ठेवायचं, असा प्रश्न असेल तर ज्याचं व्याज वर्षभरात भरून सोडवता येणार नाही ते सोनं तारण न ठेवता सरळ विकलेलं बरं, असं मला वाटतं.

परवाना नसलेल्या सावकाराकडून पैसे घेऊन कार्ड फेडणं, हे काहीही झालं तरी नको. आणि आधीच घेतले असतील तर हे माहीत असू द्या: २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यानुसार विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे करायची. तिथे वकील असेल तर बरं, नसेल तरी तक्रार घेतात.

मग कांजूरमार्गच्या घराने काय करावं?

मी असतो तर गृहकर्जाचा हप्ता एकदाही चुकू दिला नसता, सगळ्यात आधी तो. दुसरा नंबर पतसंस्थेचा, कारण तिथे दोन माणसं आपल्या शब्दावर अडकलीत आणि पतसंस्थेला दिवाणी दावा लावावाच लागत नाही. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळाला की वसुली अधिकारी थेट जप्तीला येतो, जामीनदारांच्याही. संचालकांना भेटून हप्ता कमी करून घेणं तिथे तुलनेने सोपं असतं, ओळखीपाळखीची संस्था असते.

वैयक्तिक कर्जाचे हप्ते थकायला लागलेत, त्यामुळे टॉप-अपची वेळ बहुधा निघून गेलीय. तरी गृहकर्जाच्या बँकेत एकदा विचारायला हरकत नाही, पण फक्त कार्डापुरतं. कार्ड हप्त्यांत बदलून घ्यायचं आणि कार्ड बंद करायचं. ४ लाखांच्या कर्जासाठी वित्त कंपनीला लेखी अर्ज. नोटीस, लवादाचं पत्र किंवा समन्स, यांतलं काहीही आलं की त्याच आठवड्यात वकील. नादारी या घरासाठी नाहीच.

घर भाड्याचं असतं, जामीनदार नसते आणि कर्ज साडेसातऐवजी साठ लाखांचं असतं, तर माझं उत्तर बदललं असतं. तेव्हा फोर्टमध्ये उच्च न्यायालयाच्या आसपास नादारीची कामं केलेला वकील शोधून पहिल्या भेटीत त्याला तीन गोष्टी विचारायला सांगितल्या असत्या: अशी प्रकरणं तुम्ही सुटकेच्या हुकमापर्यंत नेली आहेत का, माझं कोणतं देणं यातून सुटणार नाही, आणि या काळात माझ्या पगारातून किती जाईल. उत्तर देताना जो आधी तुमच्या मालमत्तेची आणि जामीनदारांची यादी मागतो, तो कामाचा.

त्या भेटीला जाताना सगळी कर्जमंजुरीची पत्रं, मागच्या वर्षभराची बँक स्टेटमेंट, ताजा क्रेडिट रिपोर्ट, आलेली प्रत्येक नोटीस पाकिटासकट, कारण पोस्टाचा शिक्का मुदतीसाठी लागतो, आणि कुठल्या कर्जाला कोण जामीन आहे त्याची यादी न्या. कुठे कोरे चेक दिले असतील तर त्यांचे नंबर लिहून न्या.

तडजोड कोणत्याही मार्गाने झाली, तरी बँकेच्या लेटरहेडवर रक्कम, तारीख आणि उरलेलं देणं संपलं असा उल्लेख असलेलं पत्र हातात आल्याशिवाय पैसे भरू नका. भरल्यावर नो ड्यूज (काही देणं बाकी नसल्याचा दाखला) घ्या, कोरे चेक परत मागा. घराचे मूळ कागद पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत परत मिळायला हवेत. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. क्रेडिट रिपोर्टमधली नोंद चुकीची राहिली आणि तक्रार करूनही ३० दिवसांत दुरुस्त झाली नाही, तर दिवसाला १०० रुपये. ही भरपाई मागावी लागते, आणि ती मागणारं पत्र तुम्ही स्वतः लिहू शकता.